नेरिडानं मान सरळ ठेवली

आमच्या कुरांग गावात होडी वल्हवणारं प्रत्येक माणूस आठ-दहा फटक्यांनी एकदा मान वळवून मागे बघतं. वल्हवणारा पाठमोरा बसतो, होडी जाते त्याच्या पाठीकडे. आणि आमची नदी दिसायला संथ असली, अलीकडे व्हिक्टोरिया आणि पलीकडे न्यू साउथ वेल्स ठेवून सावकाश वाहत असली, तरी तिच्या पोटात निलगिरीचे जुने ओंडके पडलेले आहेत. डोंगरातलं बर्फ वितळलं की पाणी तपकिरी होतं आणि नवे ओंडके येतात. मागे न बघणाऱ्याची होडी इथे टिकत नाही.

नेरिडा हॅलोरन याच पाण्यावर वाढली. बाप दुधाचा धंदा करणारा, घरात ऐंशी गाई. पहाटे धारा, उन्हाळ्यात पीच डबाबंद करणाऱ्या कारखान्यात काम, आणि उरलेल्या वेळात नदी. उंची सहा फुटांना बोटभर कमी. तिनं वल्हं पाण्यात घातलं की होडी अशी उचलली जायची, की काठावरचे पेलिकन पक्षीसुद्धा बाजूला सरकायचे. देशाच्या होडीत तिची जागा आहे, हे आम्हाला ती पंधरा वर्षांची असतानाच दिसत होतं.

पण देशाच्या होडीत माणूस निवडायची रीत कठोर आहे. चौघीचौघींच्या दोन होड्या शर्यत लावतात. मग पाण्यातच होड्या एकमेकींना चिकटवून दोन्हींतली एकेक जण एकमेकींच्या जागी जाते आणि पुन्हा तीच शर्यत होते. जी गेल्यावर होडी पुढे पळते, ती राहते. नेरिडा बाविसाव्या वर्षी गेली आणि परत आली. पंचविसाव्या वर्षी गेली, तेव्हाही तेच. दुसऱ्या खेपेला निवड करणाऱ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताकद तुझ्याएवढी कोणाचीच नाही. पण तू मागे बघतेस, होडी कलते, आणि बाकीच्या तिघी तुझी मान ओढत बसतात."

अठ्ठाविसाव्या वर्षी पत्र आलं. मार्चमध्ये एकदाच संधी, त्यानंतर बोलावणं नाही.

सवय मोडायला तिनं सगळं करून पाहिलं. ताठ कॉलर घातली, गळ्याला टॉवेल गुंडाळला. दारूच्या गुत्त्यात लोक विचारायचे, मागे कोण येतंय गं, नवरा का? ती हसायची, आणि दुसऱ्या दिवशी दहाव्या फटक्याला मान वळायचीच.

मग लेस ट्रेगेन्झानं हे काम अंगावर घेतलं. लेस कारखान्यातला फिटर. काठावरून सायकल हाणत त्यानं गावच्या तीन पिढ्यांना वल्हवायला शिकवलं होतं, आणि मेलबर्नपलीकडे तो कधी गेला नव्हता. सरावाची जुनी लाकडी होडी त्यानं काढली. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं त्याच्यासमोर बसून सुकाणू धरायचं. लेस सुकाणूवर बसला आणि म्हणाला, पुढचं मी बघतो, तू फक्त माझं तोंड बघ. नेरिडा म्हणाली, त्यापेक्षा ओंडका बरा.

महिना गेला. मान वळतच होती. सप्टेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, पाणी चढलं, आणि एका सकाळी लेसनं होडी सरळ एका ओंडक्यावर घातली. फळ्या फुटल्या. दोघं गार पाण्यातून पोहत काठाला लागली.

"म्हाताऱ्या, दिसला नाही का तुला?" नेरिडाचे दात वाजत होते.

"दिसला की. चांगला लांबून दिसला."

"मग बोललास का नाहीस?"

लेसनं बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. "लहानपणापासून ज्याला भीत होतीस, ते आज झालं. मेलीस का? नाही ना. आता मागे बघण्यासारखं काही उरलं नाही."

ती त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. पण लेसनं होडीला नव्या फळ्या ठोकल्यावर ती आली, बसली, आणि पुलापर्यंत तिची मान हलली नाही. मार्चमध्ये जागा बदलायच्या आधी तिची होडी अर्ध्या लांबीनं पुढे होती. ती दुसऱ्या होडीत गेली, आणि ती दुसरी होडी दीड लांबीनं जिंकली. निवड करणाऱ्या बाईंनी पुन्हा शर्यत लावलीच नाही.

आठजणींच्या होडीत तिला सर्वांत मागची, सुकाणूसमोरची जागा मिळाली. बाकीच्या सातजणींनी तिच्या फटक्याला फटका मिळवायचा. सुकाणूवर जोसी फेनॅक, टास्मानियाच्या सफरचंदांच्या बागेतली, मुठीएवढी आणि तोंडाची फाटकी. पहिल्या वर्षी जागतिक शर्यतीत जर्मनीच्या पोरींनी त्यांना पाणी पाजलं, सहाव्या आल्या. दुसऱ्या वर्षी चौथ्या. तिसऱ्या वर्षी स्वित्झर्लंडच्या तळ्यावर अंतिम फेरी होती.

वल्हवणाऱ्याला पुढे गेलेली होडी दिसत नाही, मागे पडलेली तेवढी दिसते. निम्मं अंतर संपलं तरी नेरिडाच्या डोळ्यांसमोर नुसतं रिकामं पाणी होतं. म्हणजे पाचही होड्या पाठीमागे, पुढे निघालेल्या. किती पुढे, ते मान वळवल्याशिवाय कळणार नव्हतं. तिनं जोसीच्या तोंडाकडे बघितलं.

"काय बघतेस माझ्याकडे? ओढ," जोसी म्हणाली.

तिनं ओढलं. सातजणी तिच्यामागे आल्या. उजवीकडून एका होडीचं टोक डोळ्यांसमोर सरकलं, मग त्यांचा सुकाणूवाला, मग त्यातल्या बायकांच्या पाठी. कॅनडा. डावीकडून दुसरी आली. मग तिसरी. शेवटच्या दोनशे मीटरला चौथी आली, आणि जर्मनीची होडी तेवढी दिसेना. नेरिडानं आणखी वीस फटके मारले. एकविसाव्याला पांढरं टोक आलं, हळूच, मांजर दारातून डोकावतं तसं. ते जोसीच्याही मागे सरकलं, आणि शर्यत संपल्याची शिटी वाजली. तिच्या समोर पाच होड्या होत्या, पाचही, एका नजरेत मावणाऱ्या.

जिंकल्यावर सुकाणूवालीला पाण्यात फेकायचं ही वल्हवणाऱ्यांची जगभरची रीत. धक्क्याला लागताच आठजणींनी जोसीला हातापायांनी धरलं. बर्फाचं पाणी आहे गं, असं ती ओरडत होती. नेरिडानं तिचा उजवा पाय धरला होता. तीनपर्यंत मोजायचं ठरलं होतं, पण ती दोनलाच सोडून मोकळी झाली.