भरड्याची कोठी

गिरणेच्या काठी, भडगावपासून थोडं लांब, नको झालेल्या जनावरांसाठी मी एक जागा चालवतो. म्हातारे बैल, ट्रॅक्टर आल्यावर कोणालाच नकोसे झालेले गोऱ्हे, एक आंधळी म्हैस, वीटभट्टीवरून हाकलून दिलेली दोन गाढवं. लोक मला भला माणूस म्हणतात. ते ऐकून घेत आलो, म्हणून आता हे लिहायला लागतं आहे.

सुरुवातीपासून माझ्याकडे एक सालदार होता. माझ्याहून थोडा लहान. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदारांचं नवं साल ठरतं. त्याचं कधी ठरवावं लागलं नाही, तो राहायचा. जनावर कान कसा धरतं यावरून त्याला त्याचं पोट कळायचं.

चार वर्षांमागच्या पोळ्याची गोष्ट. आदल्या संध्याकाळी त्याने सगळ्यांत म्हाताऱ्या बैलाचे खांदे तूप-हळदीने मळले आणि कानाशी जाऊन म्हणाला, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या." जुवाने त्या खांद्यांवर दगडासारखे घट्टे पडलेले होते. तो मळत राहिला.

सकाळी तो सणाला घरी निघाला. फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "भाऊ, लोक ताटं घीसन येतीन. फाटक उघडू नका. म्हाताराले पुरन पचत नही."

"मला शिकवतोस?" मी म्हणालो. तो हसला.

अकराच्या सुमाराला लोक आले. चारा देणारे, ओळखीचे, बायका-मुलं. एकजण म्हणाला, "नाना, पोळ्याच्या दिवशी बैल उपाशी ठेवता का?" सगळे हसले. मी फाटक उघडलं. पहिली पोळी मीच भरवली. कोणीतरी फोटो काढला. मग ताटामागून ताट. बैल खात होता. तो खातो आहे हे बघून मलाही बरं वाटत होतं.

सालदार दिवस मावळायच्या आत परतला. बैल डाव्या कुशीला फुगला होता, दात खात होता. सालदाराने त्याला गोडेतेल पाजलं, चालवून पाहिलं. मग ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. फडक्याला पिवळं पुरण लागलं. त्याने ते बघितलं आणि फडकं बादलीत बुडवलं.

सकाळी डॉक्टर आले तोवर बैल गेला होता. गावातले दहा-बारा जण जमले होते, काल ताटं आणणारेही त्यात होते. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं याने?"

मी म्हणालो, "भरड्याची कोठी उघडी राहिली होती."

जनावरांच्या भरडलेल्या धान्याची ती कोठी बंद ठेवायचं काम सालदाराचं. ताटंवाल्यांनी माना खाली घातल्या. सालदार हातातलं दावं गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर त्याने ते खुंटीला अडकवलं आणि घरी गेला. मी त्याला थांबवलं नाही.

आखाजी आली. त्याला कोणी ठेवलं नाही. ज्याच्या हातून बैल गेला त्याला दावणीला कोण उभं करणार? तो मुलीकडे पहूरला गेल्याचं नंतर कळलं. मी दुसरा माणूस ठेवला. पोळ्याला फाटक बंद ठेवायला लागलो. का, ते कोणाला सांगितलं नाही. शिस्तीचा माणूस म्हणून माझं आणखी कौतुक झालं.

या महिन्यात पहूरला गेलो. तो ओट्यावर होता, मला घेऊन आत आला. दाराची कडी त्याने नीट लावली होती. तरी मुलगी चुलीपासून उठली, कडी हाताने हलवून बघितली आणि परत बसली. त्याच्या ते अंगवळणी पडलेलं दिसलं.

"च्या लेतस का, भाऊ?" तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. सांगताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

"माले माहीत शे," तो म्हणाला. "तिले सांगा. ती माले बकरीले हात लावू देत नही."

मग मी मुलीकडे तोंड करून पुन्हा सांगितलं. पोळी, फोटो, डॉक्टर, कोठी. कोठी बंद होती, असं दोनदा म्हणालो. ती चहा गाळत होती. एक कप माझ्यापुढे ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

"आबा," ती बापाला म्हणाली, "बकरीले पानी दाखाडी या."

तो उठला. बादली घेतली, बाहेर गेला, मागे दार ओढून घेतलं. कडी वाजल्याचं ऐकू आलं. मुलगी कडी बघायला उठली नाही.

पहूरमधल्या एका घरी सांगून झालं. आमचं गाव अजून बाकी आहे.