अंबादासचं कार्ड आणि माझ्या तीन ओळी

अंबादासची ही हकिकत सांगायची मी सात वर्षं टाळली. निवृत्त सहकारी जमले की बँकेतले किस्से निघतात. मी लॉकरमध्ये विसरलेल्या कवळीचा किस्सा सांगतो, सगळे हसतात. हा कधी सांगितला नाही. बायकोलाही नाही. आता सांगतो, कारण बँकेच्या एका फाइलमध्ये माझ्या सहीनं तीन ओळी पडून आहेत आणि त्या खोट्या आहेत.

वाळूजच्या शाखेत मी कर्ज आणि कार्डाच्या टेबलावर होतो. अंबादास समोर बसला होता, हेल्मेट मांडीवर. राहायला करमाडला, वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर ऑपरेटर. पगाराचं खातं आमच्याकडे.

"साहेब, साठ हजार पायजेत."

"कशासाठी?"

"उसने घेतलेले फेडायचेत."

वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशनला त्यानं चाळीस हजार कन्नडच्या मेव्हण्याकडून घेतले होते आणि वीस हजार कंपनीतल्या शिंदे नावाच्या जोडीदाराकडून. कागद नाही, व्याज नाही. शिंदे कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारीच बसायचा.

"तगादा लावतो का?" मी विचारलं.

"लावला असता तर बरं झालं असतं. नुसतं इचारतो, वडील कसे हायेत? रोज इचारतो, साहेब."

म्हणून अंबादासनं बस सोडली होती. करमाड संभाजीनगर शहराच्या पूर्वेला, वाळूज पश्चिमेला. फुकटची बस सोडून हा माणूस रोज सगळं शहर ओलांडून मोटारसायकलवर येत होता. त्यात दीड महिन्यावर मेव्हण्याच्या मुलीचं लग्न.

"त्याचे चाळीस हजार देणं अन् मी फेटा बांधून मांडवात मिरवू? बायको म्हणती, पैसे दिल्याबिगर मी माहेरची पायरी चढणार नाय."

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. मोटारसायकलचा हप्ता चालू होता, पर्सनल लोन बसत नव्हतं. पण त्याच्या नावावर क्रेडिट कार्ड आधीच मंजूर दिसत होतं. लिमिट पंच्याहत्तर हजार. त्या महिन्याच्या टार्गेटला मला एक कार्ड कमी पडत होतं.

"कार्ड घ्या," मी म्हणालो. "पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी."

"बिनव्याजी म्हंजी खरंच बिनव्याजी?"

"खरंच."

हे थोडं समजावून सांगतो. कार्डाचं बिल महिन्यातून एकदा निघतं आणि ते भरायला वीसेक दिवस मिळतात. बिलाच्या तारखेनंतर लगेच खरेदी केली, तर पैसे वापरायला जवळपास पन्नास दिवस मिळतात. पण ही सवलत खरेदीला आहे. त्याच कार्डावर एटीएममधून रोख काढली, तर पहिल्या दिवसापासून व्याज. हे मी त्याला नीट सांगितलं.

"मंग मेव्हण्याला काय मिक्सर देऊ का?" तो हसला. मीही हसलो.

मग मी एका मोबाइलच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तिथं कार्ड स्वाइप करायचं, खरेदीची पावती निघते, दुकानदार दोन टक्के कापून रोख हातात देतो. बँकेला हे चालत नाही. शाखेत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दुकानही सगळ्यांना माहीत होतं.

"पन्नास दिवसांनी साठ हजार कुठून आणू?" त्यानं विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता.

मी म्हणालो, "सगळे एकदम कुठं भरायचेत? बिलावर किमान रक्कम लिहिलेली असते. पाच टक्के. तीन हजार भरले की कार्ड चालू राहतं. दिवाळीच्या बोनसला उरलेले भरून टाका."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त एक वाक्य मी गाळलं. पूर्ण बिल भरलं तरच ते बिनव्याजी. एक हजार जरी मागं ठेवले, तरी सवलत संपते आणि स्वाइप केल्याच्या दिवसापासून सगळ्या रकमेवर व्याज लागतं. दरमहा साडेतीन टक्के, वर त्या व्याजावर जीएसटी. हे सांगितलं असतं तर तो उठून गेला असता. मला माहीत होतं, म्हणूनच मी सांगितलं नाही. फॉर्मवर त्यानं सहा ठिकाणी सह्या केल्या.

चार दिवसांनी कार्ड आलं. दुकानदारानं बाराशे कापले, ते अंबादासनं पगारातून घातले. मेव्हण्याचे फिटले, शिंदेचे फिटले. तो पेढे घेऊन शाखेत आला.

"बसनं आलो, साहेब. शिंदेच्या शेजारी बसून."

तो लग्नालाही गेला. फेट्यातला फोटो त्यानं मला मोबाइलवर दाखवला.

दुसरं बिल आलं तेव्हा मात्र तो कागद घेऊन थेट माझ्या टेबलाशी उभा राहिला. बसला नाही.

"साठ हजार वापरले. तीन हजार भरले. सत्तावन्न राह्यले पायजेत का नाय?"

"हो."

"मंग एकसष्ट कसे? मी मायक्रॉनच्या मापात काम करणारा माणूस हाय, साहेब. तुमच्या मशीनमधी काही गडबड हाय का?"

"व्याज लागलं."

"तुमी बिनव्याजी म्हणले होते."

मी ड्रॉवरमधून त्याच्या फॉर्मची प्रत काढली आणि बारीक अक्षरातल्या नियमांखालच्या सहीवर बोट ठेवलं. "ही सही तुमचीच ना?"

त्यानं कागद जवळ ओढून सही पाहिली. मग म्हणाला, "व्हय, माझीच हाय."

आठवड्यानं त्याची लेखी तक्रार आली. भाच्याकडून लिहून घेतली असावी, अक्षर सुरेख होतं. मागणी एकच: व्याज माफ करून उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून द्यावेत. चूक बँकेच्या माणसाची आहे असं दिसलं तर हे होऊ शकत होतं. पूर्वी दोनदा झालेलं मी पाहिलं होतं.

आमच्या ब्रँच मॅनेजर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पाठक काका, तुम्ही त्यांना व्याजाचं सांगितलं होतं ना?"

मी समोरची तक्रार परत वाचायला लागलो.

"मी कशाला विचारते, तर तुम्हाला रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत. चौकशी लागली की फंडाची फाइल अडकते. सांगितलं असेल तर तसं लिहून द्या, विषय संपेल."

मी लिहून दिलं. 'ग्राहकास व्याजाचे सर्व नियम मराठीतून समजावून सांगितले. किमान रक्कम भरल्यास व्याज लागेल याची पूर्ण कल्पना दिली. ग्राहकाने समजून सही केली.' त्या तीन ओळींवर तक्रार बंद झाली. मला फंड वेळेवर मिळाला. निरोपाला घड्याळही मिळालं.

त्यातून काढलेला धडा मी पुढं नातेवाइकांना बऱ्याचदा दिला: पूर्ण बिल भरण्याइतके पैसे हातात नसतील तर कार्डानं कुणाचे उसने फेडू नका. हा धडा कुठून आला ते सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मी करमाडला गेलो. ठरवून गेलो, माफी मागायला. बसमध्ये वाक्य दोनदा मनाशी म्हटलं. अंबादास घरीच सापडला. केस पांढरे झाले होते. वडील गेले होते.

"पाठक साहेब! आवं, या की! संगीता, चहा टाक, बँकेतले साहेब आलेत."

कार्डाचं मीच विचारलं.

"आठ महिने भरत होतो. तेवीस हजारांच्या वर गेले अन् बाकी चौपन्नच. मंग परत कन्नड गाठलं. मेव्हण्यानं एकदम दिले अन् कार्ड बंद केलं. त्याचे तीन वर्षांत फेडले."

"व्याज?"

"मेव्हणा कुठं व्याज घेतो का, साहेब?"

त्याच्या बायकोनं, संगीताताईंनी, चहा आणला. मी कप हातात घेतला आणि वाक्य जुळवायला लागलो. तेवढ्यात अंबादासच म्हणाला, "त्या टायमाला मी तुमच्यावर तक्रार केली, त्याचं मनावर घेऊ नका. बँकेचं पत्र आलं होतं, तुमी सगळं मराठीतून समजावलं होतं म्हणून. तुमच्यासारखा माणूस खोटं कशाला लिहील? माझंच ध्यान नव्हतं. लई दिवस वाटत होतं, एकदा तुमची माफी मागावी."

कप अर्धाच झाला होता. मी घड्याळ पाहिलं, तेच निरोपाचं, आणि म्हणालो, "निघतो आता, बस चुकेल."

जालना रोडवरून संभाजीनगरला दर वीस मिनिटांनी बस असते.