भट्टीवाल्याची शाल

माझं काम ऐकलं की लोक आधी हसतात. दूरदेशी ज्वालामुखी फुटला की त्यातून किती गंधकाचा वायू बाहेर पडला, हे मी पुण्यात खुर्चीवर बसून उपग्रहाच्या नोंदींवरून काढतो. हा वायू सूर्यप्रकाशाचा ठरावीक भाग गिळतो. खालून परतणाऱ्या उजेडात किती तूट पडली ते उपग्रह पाहतो. मात्र जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा वायू तो एकत्रच मोजतो. कुठल्या उंचीवर किती, हे आम्हाला वेगळं शोधावं लागतं.

मागच्या हिवाळ्यात असाच एक ढग समुद्र ओलांडून आला. नकाशावर यवतमाळ जिल्हा लालभडक. ढग विमानांच्या उंचीवरून चालला होता, खाली कुणाला वासही येणार नव्हता. पण नकाशा झकास दिसत होता, म्हणून मी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ‘आपल्या डोक्यावर ज्वालामुखी!’ उंचीबद्दल अवाक्षर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मजा गेली असती.

त्याच जिल्ह्यात राजूरजवळच्या एका वस्तीत माझी मावशी राहते. घरामागे कोळशावर चालणारी चुन्याची भट्टी आहे. त्याच हिवाळ्यात तिचा दमा उसळला, तेव्हा भट्टी इथून हलवा म्हणून तिनं गल्लीतल्या बाया जमवून धोशा लावला होता. गावातल्या बैठकीत भट्टीवाल्यानं मोबाइल काढला आणि फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचलेला माझाच नकाशा दाखवला. यंदाचा धूर माझा नाही, परदेशातला आहे!

मावशीचा फोन आला. “तूच ये अन् सांग बापा. तुह्या शब्दापुढं कोण बोलते?”

पुढच्या बैठकीला गेलो, तर आधी माझा सत्कार. भट्टीवाल्यानं स्वतः मला शाल पांघरवली, नारळ दिला, ‘आपल्या मातीतला शास्त्रज्ञ’ म्हणाला. सगळ्यांत जोरात टाळ्या मावशीच्या. मग त्यानं अदबीनं विचारलं, “साहेब, नकाशा खरा हाय ना?”

“खरा आहे.”

“मंग हा धूर कोनाचा?” मावशीनं विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. पण ज्यानं आत्ताच शाल घातली, त्याच्या तोंडावर बोलायचं कसं? “दोन्हीकडचा असू शकतो. अभ्यास करावा लागेल,” मी पुटपुटलो. असली वाक्यं आम्हा शिकलेल्यांच्या तोंडात तयारच असतात. बैठक उठली आणि भट्टी होती तिथंच राहिली. मला लाज वाटत होती, पण उठून बोलण्याइतकी नाही.

मावशी चिडेल असं वाटलं होतं. तिनं नारळ फोडून शेजारी वाटला, मला पोटभर जेवू घातलं. सकाळी चुरचुरणारे डोळे पदरानं पुसत ती चपला शोधू लागली.

“कुठं चालली?”

“भट्टीवर. धूर त्याचा नव्हता अन् मी गावभर त्याच्या नावानं बोटं मोडली. तू सांगतलं म्हणून समजलं. माफी मागून येतो.”

आता मात्र राहवलं नाही. “मावशी, धूर त्याचाच हाय. माह्या नकाशातला ढग लय वर होता.”

ती उंबऱ्यावर बसली. दम लागला होता, तो ओसरल्यावर तिनं विचारलं,

“मंग काल काहून नाई सांगतलं?”

उत्तरासाठी ती थांबली नाही. आत जाऊन तिनं खाटेवरची शाल नीट घडी केली आणि माझ्या बॅगेत ठेवली.

“घेऊन जाय,” ती म्हणाली. “थंडीचे दिवस हायेत.”