सोळा दिव्यांचा माग

काहीही ऐकताना त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा. अगदी हलकेच, चिमटीत मीठ धरल्यासारखा. महाल भागात माझं जुन्या-नव्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाची अशी चिमूट दिसली की दुकानदार तिचा एकच अर्थ काढतो. मीही तोच काढला. म्हटलं, "काका, भावाचं मागून बोलू, आधी नीट बघून तर घ्या."

ते म्हणाले, "थांब गा, ऐकू दे."

हे त्यांचं वाक्य. पुढची पाच-सहा वर्षं मी ते इतक्यांदा ऐकलं की घरी बायकोलाही तेच म्हणू लागलो. तिला ते फारसं आवडलं नाही.

त्या दिवशी काउंटरवर एक सॅम्पलर चालू होता. हे यंत्र ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. वहीएवढा डबा, त्यावर रबराच्या सोळा चौकोनी कळा. कुठलाही आवाज आत भरून ठेवायचा, कळ दाबली की तो वाजतो. वरच्या बाजूला सोळा बारके दिवे. जो दिवा लावाल तिथे आवाज येतो, जो विझवाल तिथे येत नाही, आणि सोळावा झाला की पुन्हा पहिल्यापासून. ऑर्केस्ट्रा सोडून दुबईला गेलेल्या एका वादकाने तो मला विकला होता.

काका वाकून दिव्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हा तं नक्षा आहे गा."

तांडापेठेतल्या विणकर घरातला माणूस. तिशीपर्यंत हातमागावर बसला, मग माग विकून सरकारी ऑफिसात कारकून झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. लुगड्याचा काठ चौकडीच्या कागदावर काढतात, हे त्यांनी मला काउंटरवर बोटाने चौकोन आखून समजावलं. "भरल्या घरात धागा उचलाचा, रिकाम्या घरात सोडून द्याचा. तुह्या डब्यात बी तेच तं आहे." मी वीस वर्षं ही यंत्रं विकतोय. माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

सॅम्पलर घेऊन गेले. आठवड्याने आले ते शाळकरी गणिताची वही घेऊन. तिच्यात करवतकाठ काढलेला. आमच्याकडच्या टसरच्या लुगड्याला करवतीच्या दात्यांसारखा काठ असतो, तो. एक घर भरलेलं, मग दोन, मग तीन, मग पुन्हा उतरत एकावर. तसेच दिवे त्यांनी लावले होते. मी ते तीनदा लावून ऐकलं. मी स्वतः ऑर्केस्ट्रात ढीगभर वर्षं वाजवलं आहे, पण असा ठेका माझ्या हातून जन्मात निघाला नसता. माझ्या हातांना सवयी लागलेल्या होत्या. त्यांच्या हातांना वाजवायची सवयच नव्हती, काठ काढायची होती.

मग त्यांना नादच लागला. करवतीनंतर रुईफुलाचा काठ सुरू झाला. दुकानात येऊन ते मोठ्याने सांगत, "ह्या रुईफुलाचा आवाज थोडा कमी कर बरं," आणि गिटारच्या तारा घ्यायला आलेली मंडळी माझ्याकडे संशयाने बघत. गल्लीतल्या लोकांना त्रास नको म्हणून हेडफोन मीच त्यांना दिला. तुम्ही ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे.

घरी ते आणि काकू, दोघंच. एक मुलगी, ती सावनेरला दिलेली. काकूंची नजर साखरेच्या आजाराने गेली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या खाटेवर बसून हाक मारायच्या, "आहे ना जी?" आणि काका असतील तिथून उत्तर द्यायचे, "आहो ना वं." काका हसून सांगायचे, "ऑफिसात एकदाच हजेरी लागे. घरी शंभरदा."

एका दुपारी ते आले आणि धोतराच्या फडक्यात बांधलेला सॅम्पलर काउंटरवर ठेवला. "घे वापस."

मी काहून म्हणून विचारलं. त्यांचा अंगठा त्या दिवशी हलत नव्हता.

त्यांनी सांगितलं ते असं. आदल्या दिवशी कानावर हेडफोन होता. एक फूल छान जमत आलं होतं. काकूंनी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, पुन्हा मारली. हा माणूस कुठे पडला की काय, म्हणून त्या भिंत चाचपत निघाल्या आणि मागच्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडलं.

"ती हाका मारून राहिली होती," ते म्हणाले, "अन् मी फूल काढून राहिलो होतो."

दुकानदाराची जीभ, ती काय गप्प बसणार. मी म्हटलं, हेडफोन ठेवा, स्पीकर लावा. मग ऐकू येईल. ते म्हणाले, "तिले धाडधाड सहन होत नाही." स्टुलावर बसले. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पहिले असं नव्हतं गा. माग चालू असला का तिले समजे, मी घरात आहो. चुलीपाशी बसून धाग्याच्या कांड्या भरे. हाक मारतच नसे."

बोलता बोलता त्यांचा अंगठा फिरू लागला. सॅम्पलरचं फडकं त्यांनी पुन्हा बांधलं, "ह्यातच माग भरू गा," म्हणाले आणि उठले.

माग तर चाळीस वर्षांपूर्वीच गेलेला. मी हुशारी करून मोबाइलवर मागाचा आवाज शोधून दिला. दोन क्षण ऐकून ते म्हणाले, "हा पावरलूम आहे. ह्याले माणूस लागत नाही." मग आम्ही घरातच माग शोधायला निघालो. मी माइक घेऊन जायचो. जुन्या टेबलाचा लाकडी खण सर्रकन सरकवला की आडवा धागा घेऊन पळणारा धोटा झाला. पोळपाटावर पोळपाट आपटला की ठोका झाला. विणकराच्या पायाखालच्या पट्टीची कुरकुर काही केल्या मिळेना, ती शेवटी न्हाणीच्या दाराने दिली. काकू प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन विचारत, "काहून घर तोडून राहिले जी?" काका म्हणत, "काम आहे वं."

तीन आठवडे लागले. शेवटची जुळवाजुळव मी केली. या यंत्रात एक सोय असते. ती वापरली की मागेपुढे पडलेला प्रत्येक ठोका नेमका आपल्या जागी जाऊन बसतो. मी ती वापरली, आणि काकांना विचारलंही नाही. आपल्याला येतं ते दाखवायची खुमखुमी असते, दुसरं काय.

काकूंच्या खाटेजवळ स्पीकर ठेवून आम्ही माग सुरू केला. त्यांनी मान वर केली. चांगली दहा मिनिटं ऐकलं. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"माग आहे," काकू म्हणाल्या. "पण तुमचा नाही."

"काहून वं?"

"इतक्या वेळात एक धागा नाही तुटला. तुमचा तं घडीघडी तुटे."

काका हसायला लागले. हसता हसता डोळे भरले तरी थांबेनात. मी आपला जमिनीकडे बघत बसलो. माझी सगळी कारागिरी एका वाक्यात गेली होती आणि मला त्याचा राग येत नव्हता.

मी सरळ केलेलं सगळं त्यांनी पुन्हा वाकडं केलं. सोळा-सोळा दिव्यांच्या कितीतरी ओळी एकापुढे एक लावल्या, आणि मध्येच कुठेतरी माग बंद पाडला. धागा तुटला. आता किती वेळ बंद ठेवायचा, हे मी घड्याळ लावून विचारलं तर म्हणाले, "थांब गा." डोळे मिटले. काल्पनिक धाग्याची दोन टोकं उचलली, जिभेला लावून ओली केली, अंगठा तर्जनीवर फिरवून सांधली, आणि मान हलवली. तेवढी जागा रिकामी सोडायची.

पहिल्या दिवशी मी भावासाठी समजलो होतो ती चिमूट ही होती. मागावरून उठून चाळीस वर्षं झाली होती आणि हा माणूस काहीही ऐकताना धागा सांधत होता. मला माझ्या त्या पहिल्या वाक्याची लाज वाटली. ती अजूनही वाटते.

त्यानंतर काकूंची हाक जवळजवळ थांबली. दिवसभर घरात माग चालायचा. धागा तुटला की त्या फक्त मान उचलून थांबायच्या, पुन्हा सुरू झाला की शेंगा सोलायला लागायच्या. त्या मागाच्या वर काका हळू आवाजात आपले नवे काठ मांडायचे. त्यासाठी माझ्याकडून एक छोटा कीबोर्डही नेला. सूर एखाददुसराच, पण जागा अशी शोधून लावलेली की मी सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात तसाच धरून ऐकत बसायचो. काकू खाटेवरून शेरे मारायच्या, "हा काठ उठून दिसते." दिसते, असंच म्हणायच्या. मी कितीदा म्हटलं, काका, हे इंटरनेटवर टाकू, लोकांना ऐकू द्या. त्यावर उत्तर ठरलेलं. "थांब गा. पहिले तिले ऐकू दे."

मागच्या हिवाळ्यात काका गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. मी तेव्हा गावात नव्हतो. तेरावं झाल्यावर भेटायला गेलो. खरं सांगायचं तर मनात सॅम्पलरचा विचारही होता. आता त्या घरात तो कोण चालवणार, त्यांना विकायचा असेल तर दुसऱ्या कोणाला देण्यापेक्षा मीच ठेवून घेईन, असं काहीसं मनाशी जुळवत होतो.

गल्लीच्या तोंडाशीच माग ऐकू आला.

दार मुलीने उघडलं. टेबलावर सोळा दिवे धावत होते. काकू खाटेवर, स्पीकरजवळ. मुलगी हळूच म्हणाली, "बंदच करू देत नाही जी. झोपतानी तेवढा करते." मी काकूंच्या समोर खुर्ची ओढून बसलो. खण सरकताना ऐकत राहिलो, पोळपाट आपटताना ऐकत राहिलो.

तेवढ्यात आवाज थांबला. मला वाटलं, पाहुणा आला म्हणून मुलीने बंद केला. तर आता सांत्वनाचे चार शब्द बोलून घ्यावेत, म्हणून मी तोंड उघडलं.

काकूंनी वाकडं जुळलेलं मनगट वर केलं.

"थांब गा," त्या म्हणाल्या. "सांधून राहिले ते."

मी थांबलो. खाली पाहिलं तर माझाच अंगठा तर्जनीवर फिरत होता. मग टेबलाचा खण सरकला, न्हाणीचं दार कुरकुरलं, आणि काकूंनी हात खाली घेतला.