पहिल्या टेबलापासून आमेनपर्यंत

स्मरणसभेत पाळकसाहेबांनी हातात कागद ठेवला आणि ठिणगीचं टाळकं सरकलं.

"मावशी, एवढंच वाचा. हेच उद्या त्यांच्या स्मारकाच्या फरशीवर कोरायचंय. लॉन्ड्रीतल्या बाईच्या तोंडून आलं की बरं दिसतं."

कागदावर होतं : आमचे रेडिओवरचे पाद्री मवाळ, मितभाषी आणि सर्वांना प्रिय होते.

मवाळ! चाळीस वर्षं इस्त्री मारलेल्या बाईला गार काय नि तापलेलं काय, हे दुसऱ्याने सांगायचं?

ती विशीत असताना तो माणूस रोज सकाळी सातला रेडिओवर यायचा. आधी खोकायचा, मग सुटायचा. एकदा म्हणाला, "या शहरात एक लॉन्ड्री आहे. आत बाया, बाहेरून कुलूप. किल्ली खिशात घालून मालक रविवारी माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसतो. साहेब, उद्या आत आग लागली, तर त्या बाया देवापाशी पोचायच्या आत मी तुमचं नाव पोचवीन. आणि बायांनो, तुम्हाला हात दिलेत ते काय नुसत्या कॉलरी दाबायला?"

"बाहेर बसून बोलायला याचं काय जातं!" ठिणगी तेव्हा चिडून म्हणाली होती. पण ते शब्द डोक्यातून जाईनात.

मालकाने लॉन्ड्रीतला रेडिओ उचलून नेला. मग बायांनी युक्ती काढली. घरी ऐकायचं, वाटून पाठ करायचं. पहिल्या टेबलावर ठिणगी, तिने सुरुवात सांगायची. पुढचं दुसऱ्या टेबलाने, असं करत पाचव्या टेबलावर आमेन. मुकादम ज्या टेबलापाशी उभा राही ते गप्प बसे, त्याचा वाटा शेजारचं टेबल उचली. म्हणून प्रत्येकीला शेजारणीचंही पाठ.

कुलपाचा उपदेश आठवडाभर असा फिरला. शनिवारी आमेन झालं आणि सगळ्या जणी दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कुलूप निघेपर्यंत कपड्याला हात नाही. घाईत ठिणगी इस्त्री उभी करायला विसरली. खाली नेमका मालकाचाच शर्ट! तिचं 'ठिणगी' हे नाव पडलं ते त्या दिवशी.

कुलूप निघालं. महिन्याभरात पाद्रीही निघाला. 'प्रकृतीच्या कारणास्तव', रेडिओवाले म्हणाले. खोकला काय त्याला काल झाला होता? ठिणगी भेटायला गेली आणि रडायलाच लागली. तो खेकसला, "कुलूप निघालं ना? मग डोळे पूस. माझं तोंड बंद केलंय, तुमचं नाही."

आणि आज त्याच मालकाचा मुलगा फरशीचा खर्च देऊन पहिल्या बाकावर बसला होता.

ठिणगीने कागदाची घडी घातली ती कॉलरीसारखी कडक. पाळकसाहेबांच्या खिशात खोचली. "हा मवाळ माणूस तुम्हालाच राहू दे. आमचा वेगळा होता." मग माइककडे वळली. "या शहरात एक लॉन्ड्री आहे. आत बाया, बाहेरून..."

माइक बंद झाला. वाफेच्या आवाजावर आवाज चढवत जिची उमर गेली, तिला माइक कशाला हवा? ती बोलतच राहिली. पण तिचा वाटा संपला आणि पुढचे शब्द काही केल्या जिभेवर येईनात. पन्नास वर्षं झाली होती. पाळकसाहेब हसले. "बसा आता, मावशी."

तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरं टेबल उठलं, काठी टेकत. "किल्ली खिशात घालून मालक रविवारी माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसतो!"

तिसऱ्या टेबलावरची गेल्या वर्षी वारली होती. तिच्या वाट्याला क्षणभर शांतता. मग चौथीने तो उचलला, मुकादम उभा असताना उचलायची तसाच, आणि पाठोपाठ स्वतःचाही म्हटला. पाचवीने आमेन म्हटलं, ते अख्ख्या सभागृहाने ऐकलं.

मालकाच्या मुलाने वळून दाराकडे पाहिलं.

"उघडंच आहे," ठिणगी म्हणाली. "आम्ही कुलूप लावत नाही."