खिडक्या लावून दिलेला आशीर्वाद

अप्पांची वाचा गेली तेव्हा मला आधी बरं वाटलं. जन्मभर उपदेश करणारा माणूस गप्प झाला की घरात किती मोकळं वाटतं, ते पाळकाच्या पोरींनाच विचारावं.

अप्पा आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. गाव सीमाभागातलं, राजेश्वरच्या अलीकडचं. आमची वस्ती गावाबाहेर आणि तिचेही दोन तुकडे. आजोबांच्या काळात काही घरं ख्रिस्ती झाली, छप्पननंतर उरलेली बौद्ध झाली. मधे एक गल्ली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना आडनावं तीच, भांडणंही तीच.

माझी थोरली बहीण, अक्का, राजेश्वरच्या एका बौद्ध घरात पडली. नवरा शाळामास्तर, सुपारीचंही व्यसन नाही. लग्न विहारात झालं, पांढऱ्या साडीत. अप्पा गेले नाहीत. पुढच्या रविवारी अक्का नेहमीसारखी उपासनेला आली, तेव्हा तिला शिस्तीखाली घातल्याचं अप्पांनी वेदीवरून जाहीर केलं.

शिस्तीखाली म्हणजे काय, ते सांगते. आमच्याकडं उपासनेच्या शेवटी पाळक दोन्ही हात वर करून आशीर्वाद देतो. देवानं तुझी राखण करावी, त्याच्या मुखाचा उजेड तुझ्यावर पडावा, त्यानं तुझ्याकडं तोंड करून तुला शांती द्यावी, असा तो आशीर्वाद. शिस्तीखालच्या माणसानं गाणी ऐकायची, उपदेश ऐकायचा आणि आशीर्वादाच्या आधी उठून बाहेर जायचं. दारू पिऊन बायकोला मारणारे आमचे एक काका वर्षातून एकदा तरी बाहेर जायचे. दोन-तीन रविवारांनी सगळ्यांसमोर पाप कबूल करायचे आणि परत आत यायचे. अक्का म्हणायची, ‘लग्न केलंय. पाप कुठं केलंय, ते सांगा. मग कबूल करते.’ त्यामुळं तिचं बाहेरच राहिलं.

ती दाराबाहेर उभी राहायची, सगळ्यांच्या चपलांत. पुढं पोर झालं, तेव्हा त्याला कडेवर घेऊन. मला संताप यायचा. मी गुलबर्ग्याला नोकरीला होते, सुट्टीला आले की तिच्याशी भांडायचे.

‘अक्का, कामून जायलीस तिथं? चपला राखायला?’

‘अप्पाच्या तोंडून पायजे मला. एकदा माझ्याकडं बघून म्हणावं त्यांनी, बस. मग न्हाई येणार.’

तिला बाहेर ऐकू येतं, हे एका उन्हाळ्यात अप्पांच्या लक्षात आलं. त्यांचा आवाज खणखणीत आणि खिडक्या उघड्या. त्यांनी वर केलेले हात खाली घेतले आणि म्हणाले, ‘खिडक्या लावून घ्या.’ वर पत्रे, बाहेर वैशाखाचं ऊन, आत शंभरेक माणसं. लोकांनी मुकाट खिडक्या लावल्या. देवाचा आशीर्वाद फटीतून निसटून पाळकाच्या पोरीला लागू नये म्हणून अख्खी मंडळी घामानं निथळत उभी राहिली. कुणालाही हसू आलं नाही. पुढं तो रिवाजच पडला. अक्का उठली की खिडकीजवळचे लोक आपणहून उठायचे.

आणि हे सगळं करणाऱ्या माणसानंच आम्हा दोघींना लहानपणी त्या आशीर्वादाचा अर्थ शिकवला होता. ओसरीवर बसवून. हा मूळचा यहुद्यांच्या याजकांचा आशीर्वाद, वाळवंटातल्या दमलेल्या लोकांना दिलेला. याजकाचे फक्त हात आणि तोंड, देणारा दुसराच आहे, त्यामुळं याजकाला तो अडवता येत नाही. मग आपल्यासाठी त्याचा अर्थ काय, असं अक्कानं विचारलं होतं. तेव्हा अप्पा म्हणाले होते, ‘देवाचं तोंड कसं हाय ते आपल्याला ख्रिस्तात दिसलं. ज्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं, त्यांच्याकडं ते वळलं.’ फार सुंदर शिकवायचे. मला अजून तोंडपाठ आहे.

मग अप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, उजव्या डोळ्यातून सारखं पाणी गळायला लागलं. पाणी मागता येईना, माझं नाव घेता येईना. पण आशीर्वाद राहिला. अख्खाच्या अख्खा, एकही अडखळ न घेता. डॉक्टर म्हणाले, जन्मभर घोकलेलं कधीकधी असं शिल्लक राहतं. दूधवाला आला की अप्पा डावा हात वर करायचे आणि त्याला आशीर्वाद द्यायचे. तो लिंगायत, तरी मान वाकवून घ्यायचा. डॉक्टरला दिला, वायरमनला दिला. परसात शिरलेल्या शेळीलाही एकदा दिला, मी स्वतः पाहिलं.

अक्का रोज सकाळी टमटमनं यायची. अप्पांना पुसायची, कपडे बदलायची, आंबील पाजायची. मी रजा काढून आले होते, पण घाणीचं काम तिनंच केलं. ती खोलीत आली की अप्पांचा हात वर जायचा नाही. ओठ मिटायचे. मान तेवढी शाबूत होती, ती भिंतीकडं वळायची. म्हणजे डोकं पक्कं जाग्यावर होतं. शेळी आणि पोरगी यातला फरक त्यांना बरोबर कळत होता.

‘अप्पा, मी काय वाईट केलंय तुमचं?’ ती एकदाच म्हणाली. त्यांनी भिंत सोडली नाही.

शेवटच्या रविवारी मानेतलाही जोर गेला. पलीकडून आमच्या देवळातली उपासनेची गाणी ऐकू येत होती, नवे पाळक आले होते. अक्कानं आंबिलीचा चमचा ठेवला, दोन्ही हातांत अप्पांचं तोंड धरलं आणि सावकाश आपल्याकडं वळवलं. त्यांना अडवता आलं नाही.

‘तुमीच शिकवलंव. देणारा दुसरा हाय,’ ती म्हणाली. ‘तुमच्या तोंडून न्हाई तर न्हाई. माझ्या तोंडून तुमी घ्या.’

आणि तिनं आशीर्वाद म्हटला. राखणीपासून शांतीपर्यंत, सगळा. मग थांबली. आमच्याकडं घेणाऱ्यानं आमेन म्हणायचं असतं, तोवर कुणी हलत नाही. अप्पांनी ओठ घट्ट दाबले, इतके की तोंडातली आंबील कोपऱ्यातून हनुवटीवर आली. डोळ्यातून पाणी वाहत होतं. तो उजवा डोळा होता. दूधवाल्यासमोरही वाहायचा.

अक्का वाट बघत राहिली. मला ते बघवेना. देवळात पाऊल टाकून मला बरीच वर्षं झाली होती, तरी मीच मोठ्यानं आमेन म्हणाले, खुन्नस म्हणून. अप्पांनी डोळे फिरवून माझ्याकडं पाहिलं. मला त्यांची दया आली नाही, अजूनही येत नाही.

त्याच आठवड्यात ते गेले. मातीला दोन्ही बाजूंची वस्ती आली, दूधवालाही आला. केवढा पुण्यवान माणूस, शेवटच्या श्वासापर्यंत आल्यागेल्याला आशीर्वाद दिला, असं जो तो म्हणत होता. खिडकीजवळ बसणाऱ्या एक म्हाताऱ्या काकू अक्काचा हात धरून म्हणाल्या, ‘मग तुलाबी दिला असंल की गं?’

मी तोंड उघडलंच होतं. अक्कानं माझं मनगट दाबलं.

‘व्हय काकू,’ ती म्हणाली. ‘मला तर रोज देत होते.’

या खोट्यासाठी तिला कुणी शिस्तीखाली घातलं नाही.