न सोडलेली सामायिक

"माझंच काहीतरी चुकलं असणार," असं गुलाबबाई एकदा दोंडाईचा स्टेशनवर म्हणाल्या होत्या. कारण काय, तर पॅसेंजर उशिरा आली. बाकावरचा अनोळखी माणूस घड्याळ बघून चरफडत होता आणि या त्याला हात जोडून समजावत होत्या. फिक्या साडीतल्या या बाईंमुळे गाडी उशिरा का यावी, ते त्या बिचाऱ्याला कळेना. रूपलला, त्यांच्या मुलीला, आधी हसू आलं. मग ते ओठांवरच वाळून गेलं.

रूपलला आठवणारी आई अशी नव्हती.

दुकानाच्या मागेच घर होतं. मिरचीचा हंगाम आला की बाजारावरून येणाऱ्या वाऱ्याने अख्खं दोंडाईचा शिंकायचं. वडील, सुभाषचंद, शिंक येण्याआधी गिऱ्हाइकाला बोट वर करून थांबवायचे, कापडाचा ताका बाजूला सरकवायचे आणि मगच शिंकायचे. आई पडद्याआडून त्यांची हुबेहूब नक्कल करायची. दुकानात लुगडी बघायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि सुभाषचंदना वाटायचं, आपल्या मालावरच हसतायत. गच्चीवर पापड उलटताना आई स्तवन म्हणायची, तेही बेसूर. त्या घराचा तिखट, खोकल्याचा, हसण्याचा वास रूपलच्या मनात अजून तसाच होता. जळगावला, मेहरूणच्या तिच्या स्वच्छ फ्लॅटमध्ये तो कधी आला नाही.

मग ते पर्युषण आलं. गुलाबबाई सकाळी स्थानकात, साध्वीजींच्या मुक्कामाच्या जागी, सामायिकचं व्रत घेऊन बसल्या होत्या. एकदा आसन घालून, तोंडावर कापडाची मुहपत्ती बांधून बसलं की ठरलेली वेळ संपेपर्यंत उठायचं नाही, संसाराचं बोलायचं नाही, हा नियम त्यांनी लहानपणापासून मोडला नव्हता. दारात मगन आला. दुकानातला जुना माणूस. त्याने आत बघितलं, हाताने खूण केली. साध्वीजी समोर बसलेल्या, त्यामुळे हाक मारायची त्याची छाती झाली नाही. गुलाबबाईंनी त्याला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्या घरी पोचल्या तेव्हा सुभाषचंदना छातीत कळ आली म्हणून गाडीत घालून धुळ्याला नेलं होतं. वाटेत, चिमठाण्याच्या अलीकडेच सगळं संपलं.

दुखवट्याच्या बैठकीला धुळ्यातल्या देवपूरहून नणंद आली, लताबाई. भाऊ म्हणजे तिचा जीव. सगळ्या बायकांसमोर ती म्हणाली, "सामायिक सोडून उठली असती, तर माझा भाऊ आज असता."

तेवढंच. पुन्हा कधी ती तसं बोलली नाही, आणि तशी गरजही उरली नाही. तेव्हापासून दर संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा सगळे जैन एकमेकांच्या घरी जाऊन खमत-खामणा करतात, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात आणि देतात, तेव्हा गुलाबबाई पहिली गाडी पकडून देवपूरला जायच्या. नणंदेचे पाय धरून रडायच्या. लताबाई म्हणायची, "मी कोण माफ करणारी?" गुलाबबाई होत्या तशाच परत यायच्या.

हळूहळू ती क्षमा सगळीकडे पसरली. दूध उतू गेलं, वीज गेली, पाहुण्याची जीभ चहाने भाजली, की यांचे हात जोडलेलेच. पुनीत, मुलगा, चेष्टेने म्हणायचा, "आई, यंदा पाऊस कमी झाला, तोही तुझ्याचमुळे का?" यावर त्या हसत नसत, विचारात पडत. भांडी घासायला येणाऱ्या मंजुळाबाईने तर एकदा कंबरेवर हात ठेवून विचारलं होतं, "बठ्ठं तुनाच डोकावर शे का, माय?" सामायिक मात्र सुटली होती. आसनावर बसलं की नजर दाराकडे जायची आणि छाती धडधडायला लागायची.

छातीसाठीच रूपलने त्यांना जळगावला आणलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, हृदय ठणठणीत आहे म्हणाले, आणि नूतनकडे पाठवलं. नूतन समुपदेशक होती, यावलकडच्या शेतकरी घरातली, बोलायला मोकळी. गुलाबबाई दारातच अडल्या. त्यांनी रूपलला विचारलं, मी वेडी झालेय असं तुला वाटतं का. आत गेल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तर त्यांनी नूतनची क्षमा मागितली. नूतनने ती परत केली. म्हणाली, "मावशी, खुर्ची माझी, फरशी माझी. क्षमा कशाची मागताय ते तरी कळू द्या."

दर गुरुवारी त्या दोंडाईचाहून गाडीने यायला लागल्या. काय बोलणं होतं ते रूपल विचारत नसे. आईच मधूनमधून सांगायची. नूतनने त्यांना एकच काम दिलं होतं. काही बिघडलं की हात जोडण्याआधी थांबायचं आणि मनात काय आलं ते नुसतं बघायचं. लढायचं नाही, हाकलायचं नाही. आईच्या मते हे सामायिकपेक्षा अवघड होतं. एकदा पुनीतची फटफटी चालू होईना, तेव्हा त्या ओट्यावर पदर मुठीत धरून गप्प उभ्या राहिल्या. फटफटीत पेट्रोल नव्हतं. हे रूपलला फोनवर सांगताना त्यांच्या आवाजात जुन्या नकलेची किंचित खोडी होती. 

पण त्या सकाळपाशी आलं की सगळं अडायचं. मग एका गुरुवारी नूतनने रूपललाही आत बसवलं. टेबलावर स्टीलचं ताट होतं आणि त्यात ज्वारी. त्या दिवशी जे घडलं त्यातला तुमचा वाटा बाजूला काढा, नूतन म्हणाली. गुलाबबाईंनी सगळी ज्वारी आपल्याकडे ओढली.

"आता मला सांगा. शेटजींना पहाटेपासून छातीत दुखत होतं, हे ते गाडीत घातल्यावर बोलले. त्याआधी कोणाला सांगितलं?"

कोणालाच नाही. उपवासाच्या दिवसांत घरात काळजी नको म्हणून. गुलाबबाईंनी मूठभर ज्वारी पलीकडे सारली, जणू मेलेल्या माणसावर आळ घेत होत्या. गावात हृदयाचा डॉक्टर नव्हता. थोडी त्याची. खराब रस्त्याची थोडी. वयाची, आणि बिडीची, जी ते चोरून ओढायचे आणि जिचा वास सगळ्या घराला ठाऊक होता. मग नूतनने विचारलं, मगन दारात दिसला तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?

गुलाबबाई अगदी हळू म्हणाल्या, "चाव्या."

मगन एरवीही यायचा. सुभाषचंद गोदामाच्या चाव्या गुलाबबाईंकडून घ्यायला विसरायचे आणि मगनला स्थानकात पाठवायचे. दर पर्युषणात हेच. बायका त्यावरून गुलाबबाईंना चिडवायच्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, लेकीनेही नाही. रूपल खाली बघत बसली.

"शेटजी आजारी आहेत हे तुम्हाला घरी आल्यावर कळलं," नूतन म्हणाली, "आणि शिक्षा तुम्ही देताय आसनावर बसलेल्या बाईला. तिला कुठे माहीत होतं?"

गुलाबबाई रडल्या, पण हात जोडले नाहीत. ताटात त्यांच्या बाजूला चिमूटभर ज्वारी उरली होती. नूतन तिला हात लावणार, तर त्यांनी अडवलं. एवढी राहू दे, म्हणाल्या, एकदा उठून विचारता आलं असतं.

सगळं बरं झालं असं नाही. तो विचार अजूनही यायचा, पण आता तो आला की त्या त्याला ओळखायच्या.

या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी देवपूरला जाताना रूपलही बरोबर गेली. खरं तर ती घाबरली होती. लताबाईच्या दिवाणखान्यात शेजारच्या बायका बसल्या होत्या. गुलाबबाईंनी सगळ्यांना खमत-खामणा केलं, लताबाईलाही, इतरांना केलं तसंच, हात जोडून. मग त्या खुर्चीवर बसल्या.

लताबाईने सवयीने पाय थोडे पुढे घेतले होते. ते तसेच राहिले.

"एवढंच?" ती म्हणाली. "मगन दारात दिसला होता की नाही तुला?"

"दिसला होता, बाईसा. मला वाटलं, चाव्या मागायला आलाय."

"हे नवीन. जळगावला हेच शिकवतात वाटतं, पैसे घेऊन?"

एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. रूपलने आईच्या ओठांकडे बघितलं. ते हलले. तो जुना विचार आला होता, ते रूपललाही दिसत होतं, आईच्या बोटांत तो उतरत होता, बोटं एकमेकांकडे सरकत होती. मग बोटं थांबली. गुलाबबाई नणंदेकडे बघत राहिल्या. लताबाई म्हातारी झाली होती. हनुवटी थरथरत होती, आणि त्या प्रश्नाखेरीज भावाचं तिच्याजवळ काहीच उरलं नसावं.

गुलाबबाई उठल्या. नणंदेच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. लताबाईने तो झटकला नाही, धरलाही नाही. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, उंबऱ्याबाहेर चपला घातल्या आणि जिना उतरायला लागल्या.